बिनकामाचं चालणं

आमच्या संघटनेच्या वार्षिक हिशेबाच्या बैठकीत यंदा एका नोंदीवर दीड तास वाद झाला. दोन मोर्चे, चार शिबिरं, सल्ला केंद्राचं भाडं, पोलीस चौकी आणि कोर्टाच्या फेऱ्यांचा प्रवासखर्च, यावर कुणी काही बोललं नाही. पण ‘सांभर सरोवर, एक दिवस पायी फेरी, १७ जणी, जीपभाडं व जेवण’ ही ओळ वाचली गेली आणि सगळ्यांचे कान टवकारले. ज्या देणगीदार संस्थेकडे हिशेब गेला होता तिनं ती रक्कम आधीच कापली होती. सहलीचा खर्च कार्यक्रमखर्चात धरता येत नाही, असं दोन ओळींचं पत्र आलं होतं. पैशांचं एवढं नाही, आपसात वर्गणी काढून ते भरले गेले. पण आमच्याच काही जुन्या मैत्रिणी म्हणाल्या, पत्रात चूक काय आहे? सहल ती सहल. चळवळीच्या पैशावर मजा करायची नसते.

हा प्रश्न सतरा जणींच्या जीपभाड्याचा आहे असं मला वाटत नाही. बाईनं कामाशिवाय, कारणाशिवाय घराबाहेर एक दिवस काढावा की नाही, याबद्दल आपल्या चळवळीचं म्हणणं काय, असा तो प्रश्न आहे. त्यावर आपण आजवर फारसं बोललेलो नाही. म्हणून त्या दिवसाबद्दल जरा सविस्तर लिहिते.

गेल्या मार्चच्या अखेरीस एका बैठकीसाठी आम्ही जयपूरला गेलो होतो. घरकाम करणाऱ्या सहा जणी, अंगणवाडीच्या तीन मदतनीस, दोन वकील, नवऱ्यानं टाकलेल्या आणि आता संघटनेचंच काम बघणाऱ्या चौघी, कॉलेजात शिकणारी एक मुलगी आणि मी. राजस्थान म्हटलं की आपल्याला पहिल्यांदा भटेरी आठवतं. १९९२ साली गावातला बालविवाह थांबवायला गेलेल्या साथिन भंवरीदेवीवर सामूहिक बलात्कार झाला, १९९५ मध्ये खालच्या कोर्टानं आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडून दिलं, आणि त्या संतापातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे ‘विशाखा’ निर्देश आले. २०१३ चा कायदा त्याच्याही नंतरचा. आज शहरातल्या कचेऱ्यांमध्ये तक्रार समितीचा फलक लागतो तो जयपूर जिल्ह्यातल्या एका कुंभार बाईमुळे, हे किती जणींना ठाऊक असतं? बैठकीचे दोन दिवस त्यातच गेले. घरकामगार बाईनं तक्रार घेऊन जायचं कुठे, जिल्ह्याची समिती बसते कुठे, तिथे फोन कोण उचलतं. माणूस आतून पिळून निघतं अशा बैठकांत.

तिसरा दिवस मोकळा होता, गाडी रात्रीची होती. कुणी बाजार म्हणालं, कुणी आमेरचा किल्ला. तिथली एक मैत्रीण म्हणाली, किल्ले काय, तुमच्याकडेही आहेत. सांभरला चला, तळ्याच्या काठानं दिवसभर चालू या.

आमच्यातल्या एकीनं लगेच विचारलं, “कशासाठी?”

“कशासाठी म्हणजे? चालायला.”

या उत्तरानं आमची मंडळी जी गप्प झाली ती जीप फुलेऱ्याला पोचेपर्यंत. (सांभर म्हणजे इडलीबरोबरचं नव्हे, हरीण तर नव्हेच, एवढा खुलासा मात्र वाटेत झाला.)

जयपूरपासून ऐंशीएक किलोमीटरवर, थरच्या वाळवंटाच्या पूर्वेकडच्या कडेला हे सरोवर आहे. देशाच्या अंतर्भागातलं खाऱ्या पाण्याचं सर्वांत मोठं सरोवर ते हेच. पाऊसकाळ चांगला झाला तर पाणी सव्वादोनशे चौरस किलोमीटरवर पसरतं. मेंढा आणि रूपनगढ या हंगामी नद्या त्यात येऊन मिळतात. बाहेर मात्र एकही नदी जात नाही. आलेलं पाणी उन्हानं उडून जातं आणि मीठ मागे राहतं. मार्च सरत आला की पाण्याची कड मागे मागे सरकते आणि पांढरं, भेगाळलेलं मैदान उघडं पडतं. मधोमध पाचेक किलोमीटर लांबीचा जुना बांध आहे. त्याच्या पश्चिमेला मोकळं पाणी आणि पूर्वेला मिठाचे वाफे, ज्यांना तिथे ‘क्यारी’ म्हणतात. पूर्ण फेरी मारायची तर शंभरेक किलोमीटर होतील. आम्ही गावातून निघून वाफ्यांच्या कडेनं, मीठ वाहणाऱ्या छोट्या आगगाडीच्या रुळांच्या सोबतीनं बांधापर्यंत आणि बांधावरून पुढे जमेल तेवढं, असं ठरवलं.

इंग्रजांनी १८७० साली जयपूर आणि जोधपूर या दोन्ही संस्थानांकडून हे तळं पट्ट्यानं घेतलं आणि इथल्या मिठावर कर बसवला. स्वातंत्र्यानंतर, १९६४ पासून, तिथे सरकारी कंपनी आहे. पण सगळं मीठ काही तिचं नव्हे. काठानं खाजगी वाफेही पुष्कळ आहेत, आणि जमिनीतलं खारं पाणी उपसणाऱ्या कूपनलिकांवरून तक्रारी आणि खटले चालत आलेले आहेत. १९९० मध्ये रामसर करारानं हे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ ठरलं. २०१९ च्या नोव्हेंबरात याच काठावर स्थलांतरित पक्षी मेले, अठरा हजारांच्या वर. अन्नातल्या विषबाधेचा तो रोग होता, बोट्युलिझम. आम्ही गेलो तेव्हा रोहित पक्ष्यांचा एक थवा लांबवर गुलाबी रेघेसारखा उभा होता. त्या बाजूला बोट दाखवून जीपवाले दादा म्हणाले, त्या साली उचलून उचलून हात दुखले होते.

गावात शिरल्या शिरल्या देवयानीचा तलाव लागतो. चहू बाजूंनी घाट, देवळं. तीच देवयानी, शुक्राचार्यांची मुलगी. आपल्या मराठी मनाला ती ओळखीची आहे. खाडिलकरांच्या ‘विद्याहरणा’तली, खांडेकरांच्या ‘ययाति’तली. घाटावर बसून पाणी पिताना आमच्या कॉलेजच्या मुलीनं विचारलं, ही गोष्ट नेमकी काय आहे? आणि सांगता सांगता माझ्या मनात आलं की ही मुळात मुलींच्या सहलीची गोष्ट आहे! राजाची मुलगी शर्मिष्ठा, गुरूची मुलगी देवयानी आणि मैत्रिणींचा घोळका पाण्यावर खेळायला गेला. कपडे काठावर ठेवले, वाऱ्यानं ते एकत्र झाले, एकीनं दुसरीचं नेसलं, त्यावरून भांडण जुंपलं आणि शर्मिष्ठेनं देवयानीला विहिरीत ढकललं. मग एक राजा आला, त्यानं हात देऊन तिला वर काढलं, आणि पुढे ती त्याची राणी, शर्मिष्ठा तिची दासी. हजारो वर्षं आपण हे सांगत आलो. त्या दिवशी भांडणाआधी पाण्यात त्या किती वेळ खेळल्या, कशावरून हसल्या, हे कुणी सांगत नाही. मैत्रिणी मोकळ्या सुटल्या की झिंज्या उपटणार आणि शेवटी पुरुषालाच सोडवायला यावं लागणार. कथेचा हा साचा इतका अंगवळणी पडला आहे की कादंबरीचं नावसुद्धा राजाचंच असतं. मुलीला सहलीला पाठवताना आई जे बजावते त्यात याहून वेगळं काय असतं?

गावाबाहेर पडलो तेव्हा नऊ वाजले होते. सगळ्यांत हळू चालणारीनं पुढे राहायचं, हा तिथल्या मैत्रिणीचा नियम. त्यामुळे आमच्या मावशी पुढे. पंचावन्न वय, सकाळी पाच घरची भांडी, संध्याकाळी तीन घरची. पायातल्या रबरी चपला काढून त्यांनी हातात घेतल्या आणि मिठाच्या पापुद्र्यावर अनवाणी चालू लागल्या. पाऊल पडलं की तो पापडासारखा मोडायचा. वाफ्यातलं पाणी जसं आटत जातं तसा त्याचा रंग बदलतो. एका वाफ्यात हिरवट, पुढच्यात गुलाबी, त्याच्या पुढच्यात थेट वांगी सोलून ठेवलेल्या पाण्यासारखा तांबूस. खाऱ्या पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो येतो. पहिला तासभर कुणी फारसं बोललं नाही. मग एकदम सगळ्याच बोलायला लागल्या. आमच्या वकील ताईंनी कोर्टातल्या नकला करून दाखवल्या. एक अंगणवाडीताई, जिनं बैठकीत दोन दिवस तोंड उघडलं नव्हतं, ती चालता चालता शेजारणीला सांगू लागली की गावातल्या कुणाचा त्रास तिला चार वर्षं होतो आहे आणि कुणाला ठाऊक नाही. समोरासमोर बसून जे निघत नाही ते खांद्याला खांदा लावून चालताना निघतं. दोघींची नजर समोर असते, म्हणून असेल. आम्ही एमएसडब्ल्यूला असताना मुलाखतीचं तंत्र शिकताना खुर्च्या कशा मांडायच्या ते शिकलो. खुर्च्याच नसल्या तर काय होतं ते अभ्यासक्रमात नव्हतं. गटकार्याच्या पुस्तकात ‘करमणूक’ होती, पण ती मुलांसाठी आणि वृद्धांसाठी. बायकांच्या वाट्याला ‘सक्षमीकरण’ आलं होतं.

त्या अंगणवाडीताईची तक्रार आता दाखल झाली आहे. पण हे मी फेरीचं समर्थन म्हणून सांगत नाही. तसं सांगायला गेलं की मग फेरी पुन्हा ‘कार्यक्रम’ होते, तिचा ‘निष्पन्न लाभ’ निघतो आणि देणगीदारही खूश होतात. तक्रार निघाली नसती तरी ती फेरी तेवढीच योग्य होती, हे मला म्हणायचं आहे.

दोनदा मोटारसायकलवरून माणसं आली. दोन्ही वेळा एकच प्रश्न, “साथ में कौन है?” सतरा जणी आणि वाट दाखवणारी अठरावी. तरी आमच्या ‘सोबत’ कुणी नव्हतं! मावशींनी दुसऱ्या खेपेला आपल्या मराठी हिंदीत विचारलं, “तुम्हारे साथ में कौन है?” तो बिचारा मागे वळून बघू लागला.

अकराच्या सुमाराला वाफ्यांवर काम करणाऱ्या बायका भेटल्या. आठ-दहा जणी असतील. मीठ ओढून त्याचे ढीग घातलेले, ते घमेल्यांत भरून डोक्यावरून वाहून नेत होत्या. एकीच्याच पायात रबरी बूट, बाकीच्यांनी प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिंध्या गुंडाळलेल्या. हातांना चिरा पडलेल्या आणि चिरांत मीठ. पांढऱ्या जमिनीवरून उन्हाची तिरीप डोळ्यांत जाते म्हणून ओढणी भुवयांच्या खालपर्यंत ओढलेली. आम्हाला बघून थांबल्या. त्यातल्या थोराड बाईनं विचारलं, “कोई मन्नत है क्या?”

आम्ही म्हटलं, नाही.

“गणगौर का कुछ?”

होळी झाली की राजस्थानात अठरा दिवस गणगौर चालते. बायका-मुली नटून, गाणी म्हणत, डोक्यावर कळश्या घेऊन पाणवठ्यावर जातात. आपली चैत्रगौरच ती, पण घराबाहेर पडणारी. आम्ही म्हटलं, तेही नाही. सरकारी पाहणी? नाही. कुणी हरवलंय? नाही. मग त्यांनी विचारायचं सोडून दिलं आणि हसायला लागल्या. एकीनं दुसरीला काहीतरी म्हटलं. तिथल्या मैत्रिणीनं आम्हाला अर्थ सांगितला, “ह्या नुसत्याच चालतायत.”

माझं म्हणणं आहे ते या प्रश्नांच्या यादीवरूनच. त्या बाईला बाईच्या चालण्याची जेवढी कारणं ठाऊक होती तेवढी तिनं विचारून घेतली. नवस, व्रत, नोकरी, संकट. आपल्याकडे तरी याहून निराळी यादी कुठे आहे? वारीला जा, कुणी अडवत नाही. वडाला जा, नवरात्रात पहाटे अनवाणी देवीला जा, कोजागिरीला गच्चीवर जाग. धर्मानं बाईला घराबाहेरचा जो काही वेळ दिला तो देवाच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर दिला, आणि बायकांनी त्यातून आपल्यासाठी जे चोरता आलं ते चोरलं. मंगळागौरीची जाग्रणं, वारीतल्या फुगड्या. ती चोरी मला प्रिय आहे. पण आपण चळवळीनं काय केलं? देवाचं नाव काढलं आणि तिथे कामाचं नाव लिहिलं. आता मोर्चाला जा, शिबिराला जा, प्रशिक्षणाला जा. नुसतं जायची परवानगी आपणही दिलेली नाही.

मिठाची आणि बायकांच्या चालण्याची आणखी एक आठवण तिथे निघाली. १९३० ची दांडीयात्राही वसंतातलीच. १२ मार्चला निघाली, ६ एप्रिलला मीठ उचललं गेलं. साबरमतीहून निघालेल्या त्या पहिल्या तुकडीत एकही बाई नव्हती. कमलादेवी चट्टोपाध्याय यांना गांधीजींना गाठून, स्त्रियांना सत्याग्रहात घ्या, म्हणून आग्रह धरावा लागला. मग मुंबईत कमलादेवी आणि अवंतिकाबाई गोखले मीठ करायला पुढे झाल्या, त्यांच्यामागून हजारो बायका आल्या, धरासण्याला सरोजिनी नायडू उभ्या राहिल्या. लढ्यासाठी चालायचंसुद्धा मागून घ्यावं लागलं होतं. ते आपण मिळवलं. लढ्याशिवायचं चालणं अजून मागितलेलंच नाही.

मुंबईच्या संदर्भात हे मागणं झालं आहे. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर’ हे पुस्तक २०११ साली आलं तेव्हा, नाक्यावर नुसतं रेंगाळण्याचा हक्क बायकांना हवा, हे म्हणणं पुष्कळांना चमत्कारिक वाटलं होतं. पण ते शहरातलं झालं, आणि त्यावर शहरातल्याच सुशिक्षित मुलींमध्ये चर्चा झाली. आमच्या बैठकीतही हाच आक्षेप जोरात आला. एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, “हे मध्यमवर्गीय खूळ आहे. आपल्या बायका रोज इतक्या चालतात की चालणं नको म्हणतील. मैलभरावरून पाणी आणणारीला तू चालायला नेणार?”

आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. सतरा जणींपैकी एकीला तो दिवस मुळीच आवडला नाही. पायाला फोड आले, उन्हानं डोकं चढलं, आणि बाजारात गेलो असतो तर मुलीला लाखेच्या बांगड्या तरी घेता आल्या असत्या, असं ती परतीच्या गाडीत दोनदा म्हणाली. तिचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. मोकळा दिवस म्हणजे चालणंच, असा काही नियम नाही. तिनं बांगड्या घ्याव्यात. पण मावशींना मी बांधावर बसल्यावर विचारलं होतं, रोज आठ घरं चालता, आज थकला नाहीत? त्या म्हणाल्या, “थकले की. पण इथं कुणी वाट बघत न्हाई माझी. तिकडं चालते तवा म्होरल्या घरची बाई घड्याळ बघत असती.”

चालण्या-चालण्यात फरक असतो तो हाच. पायांना दोन्हीकडे सारखंच लागतं. पण पाण्याच्या हंड्यासाठी चालणारी मधेच थांबून बसू शकत नाही, वाट बदलू शकत नाही, आता पुरे म्हणून मागे फिरू शकत नाही. तिच्या चालण्याचा मालक दुसरा कुणीतरी असतो. म्हणूनच ‘आपल्या बायका रोज चालतात’ हे उत्तर होऊ शकत नाही. हे म्हणजे स्वयंपाकिणीला, तू तर रोज अन्नातच असतेस, मग तुला जेवायला कशाला हवं, असं विचारण्यासारखं आहे.

बाईच्या वेळाचा मालक कोण, याचे सरकारी आकडेसुद्धा आहेत. वेळेच्या वापराची पहिली मोठी पाहणी आपल्याकडे १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत झाली. त्यानंतर देशभरची पाहणी व्हायला २०१९ उजाडलं. घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामाला देतात आणि जे पुरुष ते करतात ते ९७ मिनिटं, असं तेव्हा निघालं. असे पुरुषही चारांत एकच. २०२४ च्या पाहणीत बायकांची मिनिटं २८९ झाली. दहा मिनिटं सुटली! आणि पुरुषांची? ८८. त्यांचीही नऊ सुटली. पाच वर्षांत मिळालेल्या दहा मिनिटांत बाई कुठवर चालून येईल, हे तुम्हीच मोजा.

आता जरा अडचणीचं. त्या मैदानात झुडूप नाही. मैलभरावरचं माणूस दिसतं. आमच्यातल्या निम्म्या जणींनी सकाळपासून पाणीच प्यायलं नव्हतं, कारण जायचं कुठे? शेवटी चार ओढण्या धरून आडोसा केला आणि आळीपाळीनं उरकलं. त्यावर हसणं-खिदळणंही झालं. पण वाफ्यावरच्या बायका हे रोज करतात, पाळीच्या दिवसांतही. ना शेड, ना संडास. पाणी कमी प्यायचं आणि उन्हात खारवत राहायचं. मूत्रमार्गाचे त्रास त्यांनी आम्हाला न विचारता सांगितले. कामावर ठेवणारा कंत्राटदार, त्याच्या वर आणखी कुणी, आणि बायकांची मजुरी पुरुषांपेक्षा कमी. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, हे आमच्या वकील ताईंनी त्यांना सांगितलं तेव्हा थोराड बाई म्हणाली, तेव्हा तर मी जन्मलेही नव्हते. म्हणजे कायदा तिच्याहून म्हातारा!

हेही बैठकीत माझ्या अंगावर आलं. त्या राबतात आणि तुम्ही त्यांच्या समोरून फिरता, लाज नाही वाटली? मला वाटतं या लाजेचा उपयोग करून आपल्याला गप्प बसवलं जातं. मिठाच्या वाफ्यांच्या मालकाला कुणी विचारत नाही की सुट्टीत डोंगरावर जाताना तुला लाज वाटते का. घरातल्या पुरुषाला पारावर बसताना कुणी विचारत नाही. विश्रांती ही आधी काम संपवून, मग सगळ्यांचं दुःख संपवून, मग उरली तर घ्यायची वस्तू आहे, असं बाईला शिकवलं जातं, आणि कार्यकर्तीला दुप्पट शिकवलं जातं. मी आठ-दहा वर्षांत पाहिलेल्या किती तरी चांगल्या कार्यकर्त्या यामुळेच काम सोडून गेल्या आहेत. भांडून कुणी गेलं नाही. थकून गेल्या.

आणि त्या बायकांनी आम्हाला लाज वाटावी असं काही केलं नाही. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या बाजरीच्या भाकरी आणि लसणाची चटणी, आमच्या पुऱ्या, असं एकत्र झालं. त्यांनी तळ्याची गोष्ट सांगितली. शाकंभरी देवीनं प्रसन्न होऊन इथल्या जंगलाचं चांदीचं मैदान केलं. लोक घाबरले, चांदीपायी खून पडतील म्हणाले, आणि देवीला विनवून त्यांनी चांदीचं मीठ करून घेतलं. सांगून झाल्यावर बाई म्हणाली की विनवायला पुरुष गेले असणार. वाहायला आम्ही आहोत.

मग एकीनं विचारलं, तुमच्याकडे समुद्र आहे ना? त्याच्या काठानं असंच चालता येतं का? तिनं समुद्र पाहिलेला नाही, पण मीठ समुद्रावरही पिकतं हे तिला ठाऊक होतं आणि तिथल्या बायकांना पायात घालायला काय मिळतं, हे तिला बघायचं होतं. आमच्याकडे उरणला, वसईला मिठागरं आहेत, शिरोड्याला १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला होता, असं आम्ही सांगितलं. सत्याग्रहात तिला रस वाटला नाही. तिनं विचारलं, वाळूवर पाय भाजतात का.

आमच्या कार्यकारिणीपुढे मी जो ठराव ठेवला आहे तो याच्या पुढचा आहे. वर्षातून दोन दिवस, प्रत्येक गटाच्या बायकांनी ठरवतील तिथे जायचं. विषयपत्रिका नाही, अहवाल नाही, फोटोसाठी फलक धरायचा नाही. त्या दिवशी ज्यांच्या घरी लहान मूल किंवा आजारी माणूस आहे त्यांच्याकडे कोण थांबणार याची यादी आधी करायची, आणि त्या यादीत आपल्या संघटनेशी जोडलेल्या पुरुषांची नावं असली पाहिजेत. भाषणं त्यांनी पुष्कळ केली आहेत. रोजंदारीवरच्या बाईचा त्या दिवसाचा रोज संघटनेनं द्यायचा. यावर सर्वांत जास्त विरोध झाला. मजा करायची ती करायची, वर मजुरीही? पण पगारी सुट्टी आणखी कशाला म्हणतात? कचेरीतल्या बाईला ती मिळते तेव्हा तिला कुणी मजा म्हणत नाही. घरकामगारांसाठी आठवड्याची सुट्टी आपण मोर्चात मागतो आणि ती सुट्टी बाईनं कपडे धुण्यात घालवावी, असं मनात धरतो.

आणि पुढच्या वसंतात सांभरच्या त्या बायकांपैकी ज्यांना जमेल त्यांनी कोकणात यावं, असं त्यांच्याशी बोलणं झालं आहे. अडचणी आहेत. मीठ काढायचा जोर नेमका याच दिवसांत असतो, कंत्राटदाराची उचल डोक्यावर असते, आणि दोघींच्या घरातून आत्ताच नाही म्हटलं गेलं आहे. तिथल्या मैत्रिणीचा परवा फोन होता. थोराड बाईनं तारखा कळवल्या आहेत, चार दिवस, पावसाळा लागल्यानंतरचे, म्हणजे वाफे पाण्याखाली असतील तेव्हाचे. तेव्हा आपल्याकडे समुद्र खवळलेला असतो आणि काठानं धड चालता येत नाही, हे मी तिला कळवलं. तिचा उलट निरोप आला की मग बसू या.